शिल्पकाराच्या मागें काय उरतें?

वास्तुशिल्पकार मागें काय ठेवून जातो, असें विचारलें असतां बहुतेक जण एखाद्या भव्य इमारतीकडे बोट दाखवितील. नवी मुंबईंत सी. बी. डी. बेलापूर येथें आर्टिस्ट्स व्हिलेज नांवाची वसाहत आहे. ती ह्या प्रश्नाचें निराळें उत्तर देते.

प्रथम फ्रान्समधील एक उदाहरण घेऊं. क्लोद-निकोला लदू (१७३६–१८०६) हा तेथील नव-अभिजात पद्धतीचा श्रेष्ठ शिल्पकार. आर्क-ए-सनां येथें १७७५ ते १७७९ ह्या काळांत त्यानें राजाकरितां मिठाचा कारखाना बांधला. मध्यभागीं संचालकाचें घर व भोंवतीं अर्धवर्तुळांत कामगारांचीं घरें, अशी ती रचना. सर्वांवर एका ठिकाणाहून नजर राहावी, हा तिचा हेतु. कामगारानें स्वतःच्या सोईनें भिंत हलवावी, ही कल्पनाच तींत नव्हती. १८९५ सालीं मिठाचें काम थांबलें. माणसें गेलीं, इमारती राहिल्या. १९८२ पासून त्या जागतिक वारसा म्हणून गणल्या जातात.

बेलापूरला नेमकें उलट घडलें. चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) हे सिकंदराबादेस जन्मलेले गोमंतकीय. शिक्षण मुंबई व अमेरिका येथें. प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्यांच्यासह त्यांनीं १९६४ च्या सुमारास खाडीपलीकडील नव्या शहराची योजना मांडली. १९७० सालीं त्या कार्यासाठीं सिडको स्थापन झाली. पुढें १९८३ ते १९८६ ह्या काळांत कोरियांनीं ही वसाहत रचली. आठ मीटर लांबरुंद अंगणाभोंवतीं सात घरें. असे तीन समूह मिळून बारा मीटरांचें मोठें अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. शेजाऱ्याशीं सामाईक भिंत मुद्दाम ठेविली नाहीं. कारण मिळकत वाढली कीं ज्याला त्याला आपलें घर वाढवितां यावें.

रहिवाशांनीं ती मुभा पुरेपूर घेतली. पुष्कळ मूळचीं उतरत्या छपरांचीं घरें पाडलीं गेलीं व त्या जागीं मजल्यांचीं पक्कीं घरें आलीं. एका थोर शिल्पकाराची कृति पुसली गेली, अशी हळहळ जाणकारांना वाटणें स्वाभाविक आहे. परंतु अंगणें अद्याप आहेत, आणि त्यांच्याभोंवतीं संसार चालू आहेत. कोरियांनीं खरें घडविलें तें घरांमधील हें मोकळें अंतर. तेव्हां जतन करावयाचें तें त्याचेंच. घरें नवीं झालीं तरी चालेल. मात्र अंगणांत कुंपणें पडूं नयेत व मोटारींनीं तीं भरूं नयेत, एवढी दक्षता रहिवाशांनीं व महानगरपालिकेनें घेणें अगत्याचें आहे.