जुन्या व्हॅनमधील खरखर

रेडिओचा संच जुना झाला म्हणजे त्याची आवाज कमी-जास्त करण्याची खुंटी खरखरू लागते. ती फिरविताना एका विशिष्ट जागी आवाज फाटतो, क्वचित अजिबात नाहीसा होतो, आणि बोटाने किंचित पुढेमागे केली की गाणे पूर्ववत सुरू होते. घरच्या मंडळींना ती जागा पाठ होऊन जाते. पाहुण्याने खुंटीला हात घातला तर ‘तेथे नको, जरा अलीकडे’ असे त्याला सांगण्यात येते. याचे कारण साधे आहे. खुंटीच्या आत विद्युत्प्रवाहाला रोध करणाऱ्या द्रव्याचा एक पट्टा असतो व त्यावरून धातूचे एक बोट सरकत असते. हे बोट जेथे नित्य टेकते तेथे पट्टा झिजतो, त्यावर धूळ बसते आणि स्पर्श तुटक होतो. रेडिओच्या बाबतीत या तुटकपणाची शिक्षा म्हणजे फार तर एखादी तान हुकणे. परंतु हेच बोट आणि हाच पट्टा ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या पोटात बसविलेला असेल, आणि इंजिनाला किती पेट्रोल द्यावयाचे हे त्याच्या सांगण्यावरून ठरत असेल, तर काय होईल?

ही केवळ कल्पना नव्हे. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने १९७९ साली आपल्या सुप्रसिद्ध व्हॅनची तिसरी पिढी बाजारात आणली. अमेरिकेत ती ‘व्हॅनागन’ या नावाने १९९१ सालापर्यंत विकली गेली. पेटीसारखा चौकोनी आकार, इंजिन पाठीमागे, आणि वेस्टफालिया या संस्थेने सजविलेल्या गाड्यांत तर वर उचलले जाणारे छत, शेगडी, लहानसे शीतकपाट आणि झोपण्याची सोय. अशा या गाडीवर तेथील कित्येक कुटुंबांनी घरासारखे प्रेम केले व अद्यापि करीत आहेत. गाडीचे वय आता तीस-चाळीस वर्षांचे झाले तरी मालक ती मोडीत काढावयास तयार होत नाहीत, कारण तशा सोयीची दुसरी त्यांना पसंत पडत नाही.

१९८६ सालापासून अमेरिकेतील या गाडीला २.१ लिटरचे इंजिन आणि त्याबरोबर ‘डिजिफँट’ नावाची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था देण्यात आली. जुन्या मोटारीत पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. त्याचे सारे काम हवेच्या ओढीवर चाले. विजेशी त्याचा फारसा संबंध नसे. डिजिफँटमध्ये हे काम मागील बाकाखाली बसविलेल्या एका नियंत्रक पेटीकडे गेले. ही पेटी स्वतः काहीच पाहत नाही. दरबारात बसून हेरांच्या वार्तांवर राज्य चालविणाऱ्या कारभाऱ्यासारखी तिची स्थिती आहे. इंजिन किती हवा ओढीत आहे हे एक हेर सांगतो, पाणी किती तापले हे दुसरा, आणि ठिणगी केव्हा पाडावी याची खूण तिसरा देतो. या वार्ता जमेस धरून पेट्रोलच्या तोट्या एका सेकंदाचे किती सहस्रांश उघड्या ठेवावयाच्या हे पेटी ठरविते. हेर खरा तोवर राज्य सुरळीत चालते; एकाने जरी बेतालपणे बरळावयास सुरुवात केली तरी कारभारी तितक्याच निष्ठेने चुकीचा हुकूम सोडतो.

या गाडीच्या मालकांत एका विकाराची ख्याती इतकी पसरली की गाडीच्याच नावावरून त्याला ‘व्हॅनागन सिंड्रोम’ म्हणू लागले. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातून जाणारा पाचव्या क्रमांकाचा हमरस्ता लांबच लांब सपाट आणि सरळ आहे. अशा रस्त्यावर तास-दीड तास पायाचा दाब न बदलता गाडी एकाच वेगाने चाललेली असावी, मागील बाकावर मुले झोपी गेलेली असावीत, आणि एकाएकी इंजिनाने मान टाकावी! पेडल अधिक दाबले तर गाडी अधिकच अडखळते व हिसके देते. पाठीमागून तर भल्या मोठ्या मालमोटारी त्याच वेगाने येत असतात. चालक कशीबशी गाडी कडेला घेतो, किल्ली फिरवून इंजिन बंद करतो, पुन्हा सुरू करतो, आणि ते इतक्या सुरेख रीतीने चालू लागते की बायकोला आपण जे सांगितले ते खरे वाटले असेल का, अशी शंका त्यालाच येते. दुसऱ्या दिवशी गाडी कारखान्यात नेली तर तेथे ती एखाद्या शहाण्या मुलासारखी वागते. वैद्याच्या ओटीवर पाय ठेवताच दाढेचा ठणका थांबावा, त्यातलाच हा प्रकार.

या विकाराचे मूळ हवा मोजणाऱ्या हेरात आहे, याविषयी जाणत्यांत फारसा मतभेद नाही. हा हेर म्हणजे हवेच्या वाटेत टांगलेले, स्प्रिंगने ओढून धरलेले एक लहानसे दार. हवेचा लोट जितका मोठा तितके ते अधिक उघडते, आणि त्याच्या आसाला जोडलेले धातूचे बोट एका रोधक पट्ट्यावरून सरकते. रेडिओची खुंटीच ती. फरक इतकाच की ती माणसाच्या हाताऐवजी वाऱ्याच्या हाताने फिरते. गाडी शहरातून चालली असता दार सारखे उघडझाप करते व बोट साऱ्या पट्ट्यावर हिंडते. हमरस्त्यावर मात्र ते तासन् तास एकाच जागी थरथरत राहते. झीज होते ती तेथेच. विकार नेमका सरळ रस्त्यावर आणि एकसारख्या वेगातच का जडतो, याचा उलगडा या एका गोष्टीने होतो. इतर विद्युत्-यंत्रांतून उसळणाऱ्या भटक्या लहरी तारेत शिरून ही वार्ता बिघडवितात, असेही दुसरे एक कारण सांगितले जाते. दोन्ही कारणांनी होणारे नुकसान एकच: वार्तेत खरखर शिरते.

आणि उपायही रेडिओवाल्याला सुचावा असाच निघाला. कंपनीने वीतभर लांबीची एक जोडतार पुरविली. हवामापकाची मूळ जोडणी सोडवावयाची, ही तार मध्ये घालावयाची, आणि पुन्हा जोडावयाची. तारेच्या पोटात एक कंडेन्सर आहे. तो क्षणिक धक्के गिळून टाकतो आणि पेटीपर्यंत सरासरी वार्ता पोहोचवितो. हातचे कसब असणारे काही मालक याहून मूळ दुरुस्ती करतात: हवामापकाचे झाकण काढून पट्ट्याची तबकडी केसभर सरकवितात, म्हणजे बोट अस्पर्श राहिलेल्या जागेवरून फिरू लागते. मात्र दाराच्या स्प्रिंगला हात लावण्याचा मोह टाळावा लागतो. तिचा ताण एकदा बिघडला की सारेच माप चुकते.

एवढा क्षुद्र दोष शोधून काढावयास अनेकांना वर्ष-वर्ष लागले, आणि त्या अवधीत पुष्कळ पैसा व्यर्थ गेला. मालकाच्या मनात प्रथम संशय येतो तो नियंत्रक पेटीचा. ती बंद असते, गूढ असते, महाग असते. म्हणून दोष तिच्यातच असला पाहिजे असे वाटते. वस्तुतः बाकाखाली कोरड्या जागी बसलेली ती पेटी साऱ्या व्यवस्थेत बहुधा सर्वांत निरपराध असते. पेटी बदलताना जोडण्या काढल्या व पुन्हा घट्ट बसविल्या जातात, त्यामुळे गाडी आठ दिवस बरी चालते, आणि नव्या पेटीला फुकटचे श्रेय मिळते. नवव्या दिवशी गाडी पुन्हा रस्त्यात उभी! एकामागून एक सुटे भाग बदलीत जाणे याला दुरुस्ती म्हणणे म्हणजे सोडतीची तिकिटे घेण्याला उद्योग म्हणण्यासारखे आहे.

लपणारा दोष पकडावयाचा तर साक्ष घ्यावी लागते ती त्याच क्षणी. गाडी चालती असताना इंजिन मरते तेव्हा चालकाच्या डोळ्यांपुढे एक साक्षीदार हजर असतो: इंजिनाचे फेरे दाखविणारा काटा. गाडी गिअरमध्ये असून चाके अद्याप इंजिनाला फिरवीत आहेत, आणि तरीही काटा एकदम शून्यावर कोसळला, तर ठिणगीची खूणच बंद पडली असे समजावे. काटा चाकांबरोबर सावकाश उतरला तर ठिणगी शाबूत आहे, शोध पेट्रोलकडे वळवावा. दोन सेकंदांचे हे निरीक्षण दोन दिवसांची धडपड वाचविते.

ठिणगीची खूण देणारा हेरही मोठा विचित्र आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या व विद्युत्प्रवाह वाहून नेणाऱ्या पत्र्यात आडवा विद्युद्दाब उत्पन्न होतो, हे एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली दाखविले. त्याच तत्त्वावर डिस्ट्रिब्यूटरमध्ये एक चिमुकला भाग बसविलेला असतो. त्याच्यापुढून खाचा पाडलेली एक वाटी फिरते. खाच आली की क्षेत्र पोहोचते, भिंत आली की अडते. हा भाग म्हातारा झाला म्हणजे उष्णता त्याला सोसत नाही. थंड असता उत्तम. तासभर तापला की मौन. अर्ध्या तासाने निवला की पुन्हा बोलका. कडेला उभे राहून चहा घेईतो गाडी आपोआप बरी होते आणि चालक देवाचे आभार मानून पुढे निघतो. अशा वेळी तो भाग कारखान्यात मुद्दाम गरम करून पाहिला पाहिजे. केस वाळविण्याचे साधे यंत्र त्याला पुरते.

पाण्याची उष्णता सांगणाऱ्या हेराची तऱ्हा निराळी. तो मौन धरतो तेव्हा त्याचे मौनच खोटे बोलते. त्याचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असतो. थंडी जितकी अधिक तितका रोध अधिक. तार तुटली तर रोध अमर्याद होतो, आणि पेटीची समजूत होते की बाहेर उत्तर ध्रुवाची थंडी आहे. ती पेट्रोलचा मारा सुरू करते. काळा धूर, पेट्रोलचा दर्प आणि तापलेल्या इंजिनाची पुन्हा सुरू होण्यास टाळाटाळ, ही त्याची लक्षणे. असे हेर फार महाग नसतात, परंतु मल्टिमीटरचे दोन काटे टेकवून खात्री केल्याशिवाय तेही बदलू नयेत.

अर्थिंगचा विषय याहून महत्त्वाचा आहे, आणि लोक त्याकडे कमी लक्ष देतात. गाडीत वीज बॅटरीपासून यंत्राकडे तारेने जाते व लोखंडी सांगाड्यातून परत येते. परतीची ही वाट गंजली की सारेच हेर एकदम तोतरे बोलू लागतात. दिवा लावला तर इंजिन कचरते, पुसणी चालविली तर काटे हलतात, असे असंबद्ध चमत्कार दिसू लागले तर भुताखेतांकडे न जाता प्रथम अर्थिंगचे नट सोडवावे, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा आणि पुन्हा आवळावा. मात्र त्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी काढणे अवश्य आहे. परीक्षा सोपी आहे: स्टार्टर फिरत असता बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये साधारणपणे अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब सापडता कामा नये. बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असता १३.५ ते १४.५ व्होल्ट, हे आकडे गाडीच्या कागदपत्रांजवळ लिहून ठेवण्याजोगे आहेत.

व्हॅनागनचा जन्म दोष-संकेत वाचण्याच्या सार्वत्रिक सोयीपूर्वीचा. अमेरिकेत ती सोय १९९६ सालच्या गाड्यांपासून सक्तीची झाली. भारतात ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली, आणि ती असलेल्या पहिल्या गाड्याही आता जुन्यांत जमा होऊ लागल्या आहेत. संकेत वाचला म्हणजे दोष कळला, अशी समजूत अनेकांची असते. संकेत सांगतो तो तक्रारीचा पत्ता. गुन्हेगार त्या घरात राहतोच असे नाही. ‘उष्णतामापकाच्या वाटेत बिघाड’ एवढेच यंत्र म्हणते. ती वाट उंदराने कुरतडली, कोकणातल्या खाऱ्या हवेने हिरवी पडली, की पावसाळ्यात जोडणीत पाणी शिरले, हे पाहावयास माणसालाच बॉनेटखाली डोके घालावे लागते. मुंबई-पुण्याकडे शाळेची मुले किंवा भाजीच्या टोपल्या वाहणाऱ्या जुन्या व्हॅनची पहिली तपासणी करताना उंदराच्या लेंड्या शोधणारा मिस्त्री खरा अनुभवी समजावा.

इंजिन चालते ठेवून एकेक जोडणी व तारांचा एकेक जुडगा हळूच हलवून पाहणे, ही सर्वांत जुनी आणि अद्यापि सर्वांत उपयुक्त तपासणी आहे. कोणत्या स्पर्शाबरोबर इंजिन दचकते, तेवढे पाहावयाचे. पट्टे आणि पंखे यांपासून बाह्या व बोटे दूर हवीत, हे सांगावयास नको.

गाडी धावत असताना दोष उपटला तर मात्र शोधाचा विचार क्षणभर बाजूस ठेवावा. इंजिन मेले की ब्रेकला साहाय्य करणारी पोकळी दोन-एक दाबांत संपते. त्यानंतर ब्रेक लागतो, पण साऱ्या अंगाच्या बळाने दाबावा लागतो. सुकाणूला यंत्राची मदत असेल तर तेही जड होते. म्हणून पेडल वारंवार न मारता एकदाच, स्थिरपणे दाबावे. किल्ली चालत्या गाडीत काढून घेऊ नये, कारण तसे केल्यास सुकाणू कुलूपबंद होण्याचा धोका असतो. व्हॅनागनचे काही मालक भर वेगात किल्ली बंद-चालू करून सिंड्रोमला चकवीत. ही युक्ती वाखाणण्यापेक्षा न शिकलेलीच बरी. धोक्याचे दिवे लावावे, गाडी रस्त्याच्या अगदी कडेला न्यावी, माणसांना रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरवून दूर उभे करावे. मुलांना प्रथम.

मग वही काढावी. वेळ, किती मैल चालून झाले, ऊन की पाऊस, पेट्रोल किती होते, चढ होता की सपाटी, काटा पडला की उतरला, आणि पुन्हा सुरू होण्यास किती मिनिटे लागली. वेस्टफालियाच्या गाडीत इंजिनाचे झाकण मागील गादीखाली असते. तेव्हा अंथरुणे, भांडी, मुलांचे खेळ असे सारे सामान गवतावर मांडल्याशिवाय हवामापकाचे दर्शन घडत नाही. एवढा संसार बाहेर काढण्यापूर्वी वहीतील मागच्या तीन नोंदी वाचाव्यात. तिन्ही ठिकाणी सपाट रस्ता, एकच वेग आणि तासाभराचा प्रवास लिहिलेला आढळला, तर गादी उचलावयास हरकत नाही. वीतभर लांबीची ती जोडतार बसविण्यास पाच मिनिटांहून अधिक लागत नाहीत.