चाकामागचा रबरी बूट

माझ्याकडे २००३ सालची मारुती ८०० आहे. हे मॉडेल १९८३ साली रस्त्यावर आलं, २०१४ साली त्याचं उत्पादन थांबलं. माझी गाडी मात्र अजून रोज मंडईला जाते.

दोन वर्षांपूर्वी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या डाव्या चाकातून कट-कट असा आवाज येऊ लागला. मेकॅनिक खाली वाकला आणि म्हणाला, "काका, बूट कधीचा फाटलाय. आता जॉइंटच गेला." चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं काळं ग्रीस मी पावसाळाभर पाहत होतो, आणि चिखल समजत होतो!

अँबॅसिडर, पद्मिनी या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची. मारुतीत ती पुढच्या चाकांना जाते, आणि वळायचंही त्यांनाच असतं. म्हणून एक्सलच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. पोलादी गोळ्या खाचांमध्ये सरकतात आणि चाक वळलेलं असतानाही फिरण्याचा वेग सारखा राहतो. हे सगळं चालतं ग्रीसवर, आणि ग्रीस सांभाळतो पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा एक रबरी बूट. रबर कडक झालं की घडीत चीर पडते. ग्रीस बाहेर, वाळू-पाणी आत. मग तो जॉइंट स्वतःलाच घासून संपवतो. बूट आणि ग्रीस स्वस्त असतं. जॉइंटचं बिल वेगळंच.

परवा उजव्या बाजूला चीर दिसली, तेव्हा ठरवलं की हा बूट आपणच बदलायचा. पुतण्याला बोलावलं. चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा मोठा नट सैल केला. गाडी उचलल्यावर तेवढा जोर लावणं धोक्याचं. मग जॅक लावला. पुतण्या म्हणाला, "काका, जॅक आहे ना, स्टँड कशाला?" तरी मी खाली स्टँड ठेवलाच. नट ओढताना गुळगुळीत फरशीवर जॅक सरकला आणि गाडी धप्पकन स्टँडवर बसली. पुतण्याचा हात त्या वेळी चाकामागे होता. आम्ही दोघं काही वेळ बोललोच नाही. चहा घेतला, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि मगच पुढे गेलो.

गिअर ऑइल काढलं, खालचा बॉल जॉइंट सोडवला, टॉमीने एक्सल बाहेर काढला. गंमत म्हणजे चाकाकडचा जॉइंट खोलायचाच नसतो. गिअरबॉक्सकडचा तीन रोलरचा सांधा काढायचा, तोही आधी खुणा करून, आणि नवा बूट त्या बाजूने सरकवत न्यायचा. जुनं ग्रीस बोटांवर चोळून पाहिलं, खरखर नव्हती. म्हणजे वाळू आत गेली नव्हती, वेळेवर पोचलो होतो. पुसून नवं काळं ग्रीस भरलं आणि पट्ट्या आवळल्या. ही पट्टी वाटते तितकी सोपी नाही. पहिली माझ्याकडून तुटली.

सकाळी नऊला सुरू केलेलं काम दुपारी तीनला संपलं. मेकॅनिकला बहुधा तासभर पुरला असता. गिअर ऑइल पुन्हा भरलं, मोठा नट टॉर्क पान्याने आवळला आणि गाडी पार्किंगमध्ये दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिली. पुतण्या बाहेर कान देऊन उभा होता. आवाज आला नाही. त्यानं विटा उचलल्या आणि स्टँड स्वतःच डिकीत ठेवला.