काचेची पाटी आणि खेळाची दिशा

दिल्लीस येणाऱ्या मराठी प्रवाशाचा मुक्काम पुष्कळदा पहाडगंजात पडतो. नवी दिल्लीचे रेल्वेस्थानक तेथून हाकेच्या अंतरावर, आणि बृहन्महाराष्ट्र भवनही त्याच वस्तीत. गाडीस अवकाश असला म्हणजे मोठी माणसे सामान बांधीत बसतात आणि मुले टॅब्लेटवर, म्हणजे त्या काचेच्या पाटीवर, सोंगट्यांचा डाव मांडतात. थोड्याच वेळात तंटा उद्भवतो. एक जण पाटी आपल्याकडे वळवतो, चित्र गर्रकन फिरते, आणि जिंकत आलेला डाव पुन्हा प्रारंभापाशी जातो. मोठी माणसे मुलांस रागावतात. वस्तुतः दोष खेळ रचणाऱ्याचा असतो.

पाटीच्या आत त्वरणमापक नावाचा एक सूक्ष्म भाग असतो. गुरुत्वाकर्षणाचा ओढा कोणत्या कडेकडे आहे हे तो सांगतो, आणि त्यावरून चित्र उभे दाखवावे की आडवे हे ठरते. पाटी हातात असते तोवर हे ठीक चालते. ती सतरंजीवर सपाट ठेवली की सारा ओढा तिच्या पाठीकडे जातो आणि कडांच्या वाट्यास काहीच उरत नाही. मग वरची बाजू कोणती, हे यंत्रास कळावे कसे? सारीपाटास हा प्रश्न कधी पडला नाही. चार पट्टे, प्रत्येकात २४ घरे, आणि चारी बाजूंनी पट सारखाच. पाटीवरचा चौघांचा खेळही असाच रचावा, आणि त्याची दिशा डाव संपेपर्यंत बांधून ठेवावी.

दिशा मोकळीच ठेवायची असेल, तर आणखी एक दक्षता हवी. अँड्रॉइड प्रणालीत पडदा वळला की चालू दृश्य सामान्यतः मोडून नव्याने उभारले जाते. डावाची स्थिती आधी जपून ठेवली नसेल, तर तीही त्यासरशी नाहीशी होते.

पाटी कलवून खेळावयाच्या खेळांत निराळीच अडचण येते. त्वरणमापकाचे अक्ष यंत्राशी जखडलेले असतात. ते चित्राबरोबर फिरत नाहीत. फोनची मूळ ठेवण उभी, तर पुष्कळ टॅब्लेटांची आडवी. त्यामुळे फोनवर जुळवलेली मोटारींची शर्यत टॅब्लेटवर तशीच आणली, तर कल उजवीकडे द्यावा आणि मोटारीने भलतीकडेच धावावे, असा प्रकार घडतो. पडदा त्या क्षणी किती वळलेला आहे हे पाहून अक्षांची अदलाबदल करणे, हाच त्यावरील उपाय होय.

२०२५ साली आलेल्या सोळाव्या अँड्रॉइड आवृत्तीने, तिला अनुसरून रचलेल्या सामान्य ॲपांचा मोठ्या पडद्यावर दिशा बांधून ठेवण्याचा अधिकार काढून घेतला. खेळांस मात्र त्यातून सूट मिळाली. सूट मिळाली याचा अर्थ असा की, निर्णयाचा भार खेळ रचणाऱ्याच्याच शिरावर राहिला.

गाडीची वेळ होते. मुले पाटी मिटून पिशवीत घालतात. डब्यात जागा मिळाल्यावर ती कोणी उभी धरील, कोणी आडवी; सोंगटी मात्र सोडली त्याच घरात सापडावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.