मोठीं चाकें आणि कण्याचे दांते

अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत घोडे पाळणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याची डिझेल पिकअप श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावी. गाडी १९९६ सालची डॉज, इंजिन कमिन्सचें ५.९ लिटरचें, मागें घोड्यांचा ट्रेलर. चिखलांत व बर्फांत गाडी उंच राहावी म्हणून धनी मूळचीं सुमारें ३१ इंचांचीं चाकें काढून ३५ इंचांचीं बसवितो. गाडी रुबाबदार दिसते. पण पहिल्याच चढावर धापा टाकूं लागते, आणि बोल मात्र इंजिनाला लागतो. वास्तविक चुकलेला असतो तो हिशेब.

इंजिनाकडून येणारा दांडा एक लहान दांतेरी चाक फिरवितो व तें कण्यावरील मोठ्या दांतेरी चक्रास फिरवितें. आपल्याकडील मिस्त्री या जोडीस क्राऊन-पिनियन म्हणतात. मोठ्यास ४६ व लहानास १३ दांते असल्यास प्रमाण ३.५४, ४१ व १० असल्यास ४.१०. चाक एकदां फिरण्यास दांड्याला तितके फेरे घ्यावे लागतात. चाक मोठें झालें कीं एका फेऱ्यांत वाट अधिक तुटते, परंतु ओढ त्याच मानानें घटते. ३.५४ ला ३१ नें गुणून ३५ नें भागिलें तर सुमारें ३.१४ येतात; धन्यानें नकळत हें प्रमाण पदरीं घेतलेलें असतें. उलट ३५ नें गुणून ३१ नें भागिलें तर उत्तर ४ येतें. त्याच्या जवळचें, बाजारांत मिळणारें प्रमाण ४.१०.

मग डोळे मिटून ४.१० घ्यावें काय? पेट्रोलवाल्यांचा सल्ला येथें जसाच्या तसा चालत नाहीं. या डिझेल इंजिनाची ओढ मिनिटास १६०० फेऱ्यांच्या सुमारासच भरास येते. ताशीं ६५ मैल वेगानें, ०.७५ प्रमाणाच्या सर्वांत वरच्या गिअरमध्यें, मोठ्या चाकांसह ३.५४ वर इंजिन सुमारें १६६० फेरे घेतें व ४.१० वर १९२०. रिकामी गाडी सपाटीवर हाकणाऱ्यानें उगाच खर्चांत पडूं नये. पण ट्रेलर ओढतांना वेग ५० मैलांवर उतरला, कीं ३.५४ वर फेरे पावणेतेराशें होतात. तेथें पाय दाबून धरल्यास टर्बोची हवा अपुरी पडते, बाहेर पडणारा वायु भलताच तापतो आणि पिस्टनांचे हाल होतात. खालचा गिअर टाकतां येतो हें खरें. परंतु ज्याला रोज ओझें ओढावयाचें आहे त्याला ४.१० च हवें. गाडीचीं चारही चाकें जोर घेणारीं असतील तर पुढचा व मागचा असे दोन्ही कणे बदलावे लागतात; नाहींतर कोरड्या रस्त्यावर ते एकमेकांशीं भांडतात.

आतां उतार. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे. त्याच्या पश्चिमेस कित्येक मैल उतरण लागते. डिझेल इंजिनास पेट्रोल इंजिनासारखी हवेची झडप नसल्यामुळें तें आपण होऊन गाडीला फारसें आवरीत नाहीं. सर्व भार ब्रेकवर, आणि चाक मोठें झाल्यानें ब्रेकची जमिनीवरील पकड सुमारें नवव्या हिश्शानें घटलेली. दांते बदलून ही उणीव भरून येत नाहीं, हें दुकानदार बहुधा सांगत नाहीं! शिवाय वेगाचा कांटा सुधारून घेतला नसेल, तर तो ६० दाखवीत असतां गाडी ६८ मैलांनीं धांवत असते. ट्रेलर जोडण्यापूर्वीं कांटा दुरुस्त करावा, एक्झॉस्ट ब्रेक बसवावा आणि उतारास लागण्याआधींच खालचा गिअर टाकावा. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठीं त्या उतरणीवर वाळू-खडीचे चढ मुद्दाम बांधून ठेवलेले आहेत.