ताबा सुटण्यापूर्वी काय सुटते?

(‘नागरी कर्तव्य’ या विषयावर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने अपघात’ हे शब्द वृत्तपत्रांत आपण नित्य वाचतो. आम्हा पत्रकारांच्या लेखणीतून ते सवयीने उतरतात. परंतु ताबा सुटण्यापूर्वी काय सुटले, हे त्या शब्दांतून कळत नाही. आधी सुटते ते अवधान.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. या अहवालात भ्रमणध्वनीच्या वापराचा स्वतंत्र रकाना आहे. पण अपघातानंतर ‘मी फोनवर बोलत होतो’ असे स्वतःहून कोण सांगणार? त्या रकान्यातील आकडा म्हणूनच खऱ्या संख्येहून कमी असणार.

प्रश्न यंत्राचा नाही, मनोवृत्तीचा आहे. दुचाकीवर मान वाकडी करून, कान आणि खांदा यांत फोन दाबून बोलणारा तरुण दिसला, की आपण संतापतो. आपलाच फोन वाजला, की म्हणतो, “एका मिनिटाचे तर काम आहे! आणि मला जमते.” दुसऱ्याचा तो बेजबाबदारपणा आणि आपले ते कौशल्य! ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. संदेश वाचण्यासाठी तीन सेकंद मान खाली घातली, तर ५० मीटर रस्ता आपण डोळे मिटून पार केला, असाच त्याचा अर्थ होतो.

कुणी म्हणेल, “माझे दोन्ही हात मोकळे असतात, कानात यंत्र असते.” कॅनडातील टोरांटो येथे अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो आणि हात मोकळे असल्याने तो कमी होत असल्याचे दिसत नाही, असे त्यात आढळले. कारण उघड आहे. हात चाकावर असले, तरी मन संभाषणात गुंतलेले असते. आपल्याकडे अष्टावधानी माणसाचे कौतुक होते. पण सभेत अवधान चुकले तर फार तर एखादा श्लोक बिघडतो. रस्त्यावर ते चुकले तर कुणाचे तरी घर उद्ध्वस्त होते. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुन उत्तीर्ण झाला, तो पक्ष्याच्या डोळ्यावाचून त्याला दुसरे काही दिसले नाही म्हणून.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. वाहन चालवताना हाती धरलेल्या फोनचा वापर आता धोकादायक वाहनचालनात मोडतो. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि कायद्याचा डोळा चौकापुरताच पोहोचतो. पोलीस दिसताच खिशात जाणारा फोन पुढच्या वळणावर पुन्हा कानाला लागतो. जिथे कुणी पाहत नाही तिथे कसे वागावे, हे संस्कारच शिकवतात.

आणि या दोषाचा एक वाटेकरी गाडीत नसतोच. तो फोन करणारा असतो. “पोहोचलास का?” असे मायेने विचारणारी आई, “फोन का उचलला नाही?” असे दरडावणारे साहेब, आणि गाडी चालवणाऱ्या कार्यकर्त्याला बैठकीचा निरोप देणारे आपणही! संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात नागरी कर्तव्य आणि कुटुंब प्रबोधन ही दोन्ही सूत्रे आहेत. या विषयात ती एकत्र येतात. म्हणून प्रत्येक घराने आजच एक रीत घालून घ्यावी. फोन लागताच पहिला प्रश्न “गाडी चालवतो आहेस का?” हा असावा, आणि उत्तर ‘हो’ आले तर संभाषण तिथेच थांबावे. मुलांनीही वडिलांना हक्काने सांगावे, “बाबा, आधी गाडी बाजूला घ्या.”

सीमेवर प्राण पणाला लावण्याची संधी थोड्यांनाच मिळते. रस्त्यावर दुसऱ्याचे प्राण जपण्याची संधी मात्र आपल्याला रोज मिळते. तीही राष्ट्रसेवाच आहे.