तंबोऱ्याचा भोपळा आणि बियाण्याचे घराणे



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या प्राध्यापकाने भोपळा हा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटले असेल. आपल्या भाषेने भोपळ्याला मान असा दिलेला नाही. परीक्षेत शून्य पडले की भोपळा मिळतो, भ्रमाचाही भोपळाच फुटतो, आणि विळ्याशी त्याचे सख्य कसे असते हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या नगराची कीर्ती गायकीने झाली, तेथे एका भोपळ्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची गायकी घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात गेले. ती तेथे ज्या तंबोऱ्याच्या साथीने रुजली, त्या मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढे परिसरातील शेतांत वाढतो.

हा भोपळा म्हणजे भाजीचा लाल भोपळा नव्हे. लाल भोपळा अमेरिका खंडातून आलेला, चार-पाच शतकांचा पाहुणा. तंबोऱ्याचा भोपळा हा दुधीचा सख्खा भाऊ, आपल्याकडे फार प्राचीन काळापासून असलेला. चवीला मात्र कडू. लाल भोपळ्याचे पिवळे फूल सकाळी उमलते आणि मधमाशीची वाट पाहते. याचे पांढरे फूल दिवस मावळताना उमलते आणि रात्रीच्या पतंगांना बोलावते. दोन्ही वेलींवर नर-फुले वेगळी, मादी-फुले वेगळी. मादी-फुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीच धरलेले असते.

बियाण्याची अडचण येथूनच सुरू होते. दुधी आणि तंबोऱ्याचा भोपळा यांची जात एकच असल्यामुळे शेजारच्या मळ्यातला पराग पतंगाच्या अंगावरून सहज येतो. त्या वर्षीच्या फळात काहीच फरक दिसत नाही, कारण फळाचे कवच व गर हे आईचे. फसगत कळते ती पुढच्या वर्षी, बी पेरून वेल फळल्यावर. तंबोऱ्याला हवे असते जाड, टणक कवच आणि सर्व बाजूंनी सारखा घेर; दुधीच्या संकराने ते बिघडते. उलट दुधीत कडूपणा शिरला तर प्रकरण जिवावरही बेतू शकते. कडू लागणारा दुधीचा रस पिऊ नये, असा इशारा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने दिला, तो याच भावकीमुळे!

यावर उपाय साधा आहे. उमलण्याच्या बेतात असलेली नर व मादी फुले दोऱ्याने बांधून ठेवावीत, निवडलेल्या वेलाचा पराग हाताने लावावा, फूल पुन्हा बांधावे आणि त्या फळाला खूण करावी. वेलावर फळे मोजकी ठेवावीत, आडवे पडून एका अंगाने चपटे होणार नाही असे बसवावे, आणि बी पूर्ण जून होईपर्यंत तोडू नये.

ही शिस्त पराकोटीला नेली ती कॅनडातील हॉवर्ड डिल यांनी. नोव्हा स्कोशियातील विंडसरच्या या शेतकऱ्याने 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षे भोपळ्याची जागतिक स्पर्धा जिंकली. आजचे अवाढव्य भोपळे बहुतेक त्यांच्याच ‘अटलांटिक जायंट’ वाणाच्या वंशातले. 2014 मध्ये स्वित्झर्लंडमधील एका फळाने 1054 किलो भरून एक टनाची मर्यादा ओलांडली. 2025 मध्ये इंग्लंडमधील एक फळ 1278 किलोंवर गेले. तेथे बियाण्याला नाव असते ते फळाचे वजन व उत्पादकाचे आडनाव जोडून. ‘2009 वॉलेस’ म्हटले तर 2009 हे साल नव्हे, 2012 मधील फळाचे पौंडांतले वजन. पुढे साल, आई कोण, पराग कोणाचा, हेही नोंदलेले. घराणे सांगावे तसे बियाणे सांगतात. माझा आक्षेप एवढाच, की निवडीचा निकष केवळ वजन. चव पाणचट, आकार बसकट, आणि खाण्यासाठी ते कोणी लावत नाही.

आपल्या भोपळ्याची निवड कितीतरी सूक्ष्म आहे: घेर, कवच, गळ्याचा डौल आणि वाळल्यावरचा नाद. मात्र येथे एक पेच आहे, आणि तो मला फार गंभीर वाटतो. लाल भोपळा कापून गर खाल्ला तरी बी घरात राहते. तंबोऱ्याचा भोपळा अखंडच विकावा लागतो. सर्वोत्तम फळ मिरजेला गेले की त्याच्या पोटातले बीही शेत सोडून गेले. दुय्यम फळ बियाण्याला राहिले, तर दर पिढीला वाण खाली सरकतो. म्हणून उत्तम फळांपैकी एक न विकता फोडणे, किंवा कारागिराकडून बी परत मागून घेणे, हेच दोन मार्ग. पहिल्यात वर्षाच्या कमाईतला मोठा घास जातो. शेजारी उसाचे निश्चित पैसे उभे असताना तो सोडायला छाती लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भाज्या-धान्यांचे गावरान वाण घरात जपले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, देवाणघेवाणीचा आणि आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी वाणाचे वर्णन लिहून द्यावे लागते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते वाद्याला आहे. भीमाकाठच्या बियाण्याचे वर्णन त्या शेतकऱ्यांसोबत बसून लिहून घेण्याचे काम मराठी आणि कृषी या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र करता येईल, आणि ते भोपळे वेलावर असतानाच करावे लागेल.