जुने दुखणे आणि मापाचा व्यायाम



दुखण्याच्या बारीकसारीक छटा सांगणारे शब्द आपल्या मराठीत विपुल आहेत. पोटात कळ येते, दाढ ठणकते, पाठीत उसण भरते, मान अवघडते, गुडघ्यातून सणक निघते आणि दिवसभर उभे राहावे लागले की पोटऱ्यांना रग लागते. हे शब्द बहुधा पाहुण्यासारख्या येऊन जाणाऱ्या दुखण्याचे आहेत. परंतु जे दुखणे येते आणि घरातच बिऱ्हाड थाटते, वर्षानुवर्षे जागा सोडीत नाही, त्याला आपण नुसते 'जुने दुखणे' म्हणतो आणि त्याच्यापुढे हात टेकतो. ह्या जुन्या दुखण्याशी, त्यातही कंबरदुखीशी, व्यायामाच्या साहाय्याने कसे वागावे ह्याविषयी चार गोष्टी मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. मी वैद्य नव्हे. पण खुर्ची आणि फायली ह्यांच्या सहवासात ज्यांचे दिवस जातात अशा मंडळींत माझी नोकरी चालली असल्यामुळे हे दुखणे मला जवळून पाहावयास मिळाले आणि त्यामुळेच त्याविषयी वाचण्याची गोडी लागली.

कंबरदुखी ही काही थोड्याथोडक्यांची व्यथा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे तिने त्रस्त होती. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्यास वैद्यक 'दीर्घकालीन' म्हणते. अशा कंबरदुखीच्या बहुतेक रोग्यांत दुखण्याचे कारण म्हणून बोट ठेवावे असा एकच एक बिघाड सापडत नाही. आणि रोग्याच्या मनाचा गोंधळ नेमका तेथूनच सुरू होतो.

ताजे दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. चुलीवरच्या तव्याला बोट लागले की तो ओरडतो आणि आपण हात मागे घेतो. घोटा मुरगळला की चार दिवस पायावर भार देऊ नये, असे तो बजावतो आणि त्याचे ऐकणे हिताचे असते. जुन्या दुखण्याची गोष्ट निराळी. तेथे मूळ इजा पुष्कळदा केव्हाच भरून आलेली असते. परंतु पहारेकऱ्याला जी एकदा धास्ती बसली ती काही केल्या जात नाही. चोर आला काय आणि मांजर आले काय, तो सारखीच आरोळी ठोकतो. मज्जासंस्था अशी हळवी झाली म्हणजे वाकणे, उचलणे, जिना चढणे ह्या निरुपद्रवी हालचालीही वेदना देऊ लागतात. ही वेदना काल्पनिक असते, असे मात्र कोणी समजू नये. ती संपूर्ण वास्तव असते. तिच्या तीव्रतेवरून शरीराच्या नुकसानीचा अंदाज बांधता येत नाही, इतकेच.

ह्याला आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतील आंझिओच्या रणभूमीवर बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टराने जबर जखमी झालेल्या सैनिकांची विचारपूस केली. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषधाची गरज वाटत नव्हती. एवढी मोठी जखम आणि एवढी थोडी वेदना! पुढे १९६५ साली मेलझॅक आणि वॉल ह्या दोघा शास्त्रज्ञांनी, शरीराकडून येणारे संदेश पृष्ठरज्जूतच कमीअधिक केले जातात आणि त्यावर मेंदूचाही अंमल चालतो, असा सिद्धान्त मांडला. त्याच्या तपशिलात नंतर फेरफार झाले. तथापि वेदना म्हणजे जखमेकडून मेंदूकडे जाणारी साधी तार नव्हे, ही गोष्ट त्याने कायमची पटवून दिली.

आता दुसरी बाजू पाहा. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखीची तक्रार नसलेल्या ९८ माणसांच्या कंबरेचे एम. आर. आय. चित्रण करण्यात आले. त्यांपैकी केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष आढळल्या. निम्म्याहून अधिक लोकांच्या निदान एका ठिकाणची चकती फुगलेली होती. आपल्याकडे 'मणक्यात गॅप आहे' किंवा 'गादी सरकली आहे' हे वाक्य एकदा कानी पडले की माणूस जन्मभर ते उराशी बाळगतो. केसांत रुपेरी छटा यावी तसे मणक्यांवरही वय उमटते, हे त्याला कोणी सांगत नाही.

मग भीती पाय पसरू लागते. आधी बादली उचलणे सुटते. मग जमिनीवर मांडी घालणे सुटते आणि पंगतीत बसणे संपते. नातवाला कडेवर घेणे जाते, मित्राकडे जाणे कमी होते, देवळाच्या पायऱ्या नकोशा होतात. न वापरलेले स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, दम लवकर लागतो. त्यामुळे थोडीशी हालचालही अधिक दुखते आणि भीतीला नवा पुरावा मिळतो. जुन्या दुखण्याने माणसाचे जे नुकसान होते त्यातील मोठा वाटा कंबरेचा नसतो. तो असा हळूहळू आक्रसत जाणाऱ्या आयुष्याचा असतो.

ह्यावर विश्रांती हा उपाय नाही, हे आता निःसंदिग्धपणे म्हणता येते. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहरात नव्यानेच कंबर धरलेल्या १८६ नगरपालिका-सेवकांवर एक प्रयोग झाला. काहींना दोन दिवस अंथरुणावर पडून राहावयास सांगितले, काहींना पाठीचे ठरावीक व्यायाम दिले आणि उरलेल्यांना झेपेल तितपत नेहमीचे व्यवहार चालू ठेवावयास सांगितले. सर्वांत लवकर सुधारले ते नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे. ह्या प्रयोगाने अंथरुणाची बाजू तर लंगडी पाडलीच, परंतु दुखणे ताजे असता सरसकट दिलेल्या छापील व्यायामाची प्रौढीही उतरवली. व्यायाम हवा, पण तो कोणाला, केव्हा आणि किती, हा प्रश्न त्याच्याबरोबरच विचारावा लागतो.

ह्या 'किती'चे उत्तर अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस ह्यांनी मोठ्या मार्मिकपणे दिले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ह्या पद्धतीचे विवेचन आहे. जुन्या दुखण्याचा रोगी सामान्यतः 'दुखेपर्यंत करायचे आणि दुखले की थांबायचे' अशा रीतीने चालतो. बरे वाटले त्या दिवशी तो साठलेली सारी कामे उरकतो. माळा झाडतो, बाजार करतो आणि पुढचे तीन दिवस पडून राहतो. ह्यात वेदना ही धनीण होते आणि विश्रांती हे वेदनेचे बक्षीस ठरते. फोर्डाइस म्हणतात, हा क्रम उलटा करावा. कामाचा वाटा आधी ठरवावा आणि विश्रांती मिळावी ती तो वाटा पुरा झाल्याबद्दल.

हे करावयाचे कसे? समजा, एका गृहस्थास चालण्याचा सराव करावयाचा आहे. पहिले तीन दिवस त्याने आपणांस किती चालवते ते फक्त लिहून ठेवावे. एके दिवशी १५ मिनिटे, दुसऱ्या दिवशी ९, तिसऱ्या दिवशी १२. म्हणजे सरासरी १२ मिनिटे झाली. त्याने आरंभ करावा तो १२ मिनिटांनी नव्हे, तर ९ मिनिटांनी. कारण पहिला वाटा निश्चित पुरा होईल असाच असला पाहिजे. मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवावे. बरे वाटले म्हणून ठरल्याहून अधिक चालू नये आणि थोडे दुखले म्हणून घरी बसू नये. दिवस फारच वाईट उगवला तर वाटा कमी करावा, पण अजिबात खंड पडू देऊ नये. घड्याळाने हुकूम करावा, कंबरेने नव्हे.

आणि हा व्यायाम मापाचा असावा. शिंपी छातीचे माप घेतो, बाहीचे घेतो आणि सदरा कशासाठी हवा तेही विचारतो. येथेही तसेच आहे. पहिले माप शक्तीचे, दुसरे हेतूचे आणि तिसरे भीतीचे. इंदूरच्या एखाद्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या आजींना वरच्या मजल्यावर जाता यावयास हवे असते. त्यांचा व्यायाम म्हणजे जिन्याची एक पायरी चढणे आणि उतरणे, मग दोन, मग चार. मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या कारकुनास पायांचे आणि पाठीचे बळ हवे असते. जिला बादली उचलण्याची धास्ती बसली आहे, तिने रिकामी बादली प्रथम चौरंगावरून उचलावी, काही दिवसांनी जमिनीवरून, आणि मग तिच्यात एकेक तांब्या पाणी वाढवीत जावे. अशाने स्नायूंना बळ येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या धास्तावलेल्या पहारेकऱ्याला, वाकले तरी काही मोडत नाही, हे रोजच्या अनुभवाने पटत जाते.

आपल्या परंपरेला ही कल्पना परकी नाही. सुश्रुतसंहितेत व्यायाम आपल्या अर्ध्या बळानेच करावा, असे सांगितले आहे आणि वय, बळ, शरीर, देश, काल व आहार पाहून तो ठरवावा, असेही बजावले आहे. सर्वांस एकच माप लावू नये, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

व्यायामाकडून अपेक्षा मात्र वाजवी ठेवावी. २०२१ साली कॉक्रेन संस्थेने दीर्घकालीन कंबरदुखीवरील व्यायामाच्या २४९ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. वेदना शंभर गुणांच्या पट्टीवर मोजली, तर काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या अथवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या मानाने व्यायाम करणाऱ्यांची वेदना सरासरी १५ गुणांनी कमी भरली. हा चमत्कार नाही. पण ज्याला रात्री कूस बदलता येत नव्हती त्याच्या दृष्टीने तो थोडाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत रोग्याचे शिक्षण आणि व्यायाम ह्यांची शिफारस केली, आणि आपल्याकडे फार लोकप्रिय असलेले कमरेचे पट्टे व वजन लावणे हे उपाय सरसकट वापरू नयेत, असे म्हटले.

येथे 'रग' ह्या शब्दाकडे पुन्हा वळतो, कारण तो फार उपयोगाचा आहे. नवीन व्यायामाने रग लागणारच. ती स्नायू कामाला लागल्याची खूण आहे आणि एक-दोन दिवसांत ती उतरते. ती उतरत नसेल, तर माप चुकले असे समजून वाटा कमी करावा. परंतु लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप, अकारण वजन घटणे, पडझडीनंतर सुरू झालेले तीव्र दुखणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, ह्यांपैकी काहीही असल्यास व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांकडे गेले पाहिजे. हृदयविकार वा अन्य मोठे आजार असणाऱ्यांनीही आपले माप डॉक्टरांच्या वा भौतिकोपचार-तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

शेवटी एक गोष्ट कचेऱ्या आणि कारखाने चालविणाऱ्यांसाठी. नियमांच्या भाषेत माणूस एक तर कामास योग्य असतो, नाही तर अयोग्य. एक तर तो रजेवर असतो, नाही तर पूर्ण वेळ खुर्चीवर. जुन्या दुखण्याला ह्या दोहोंमधली पायरी लागते. स्वीडनमधील योटेबोरी येथील व्होल्वो कारखान्यात कंबरदुखीमुळे आठ आठवडे रजेवर असलेल्या १०३ कामगारांवर झालेला प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. काही कामगारांची शक्ती मोजून, त्यांची कामाची जागा प्रत्यक्ष पाहून, त्यांना चढत्या मापाचा व्यायाम देण्यात आला; ते इतरांच्या मानाने लवकर कामावर परतले. खर्चिक यंत्रसामग्रीहून अधिक गरज येथे लागते ती एका माणसाकडे नीट पाहण्याची.

घरच्या माणसांनाही हेच सांगावेसे वाटते. आपण मायेपोटी रोज सकाळी विचारतो, "आज कंबर कशी आहे?" आणि त्या प्रश्नासरशी रोग्याचे सारे लक्ष पुन्हा कंबरेत जाऊन बसते. त्याऐवजी संध्याकाळी विचारावे, "आज किती चाललात?" उत्तर 'नऊ मिनिटे' असे आले, तर त्या नऊ मिनिटांचे कौतुक करावे आणि परवा दहा होतील ह्याची वाट पाहावी.